बारा टक्के उगवण

२ जुलै, बुधवार

उशिराबद्दल माफी. ही डायरी कृषी केंद्रवाल्याने जानेवारीत दिली आणि आज जुलै लागला. सहा महिन्यांची पाने कोरी गेली. त्यातही एप्रिलची चार पाने फाडून माझ्या बायकोने, मुन्नीबाईने, दोडक्याच्या बियांच्या पुड्या केल्या. तरी चूक माझीच. डायरीसारख्या वस्तूला ताटकळत ठेवणे बरे नाही. मी चूक कबूल करणारा माणूस आहे.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. सकाळी योगेश्वरी, माझी मुलगी, आमगावहून आली. जेवताना म्हणाली, "बाबूजी, धान निघाल्यावर भाऊ येतो म्हनते. वहिनीले आन पिमले घेऊन."

भाऊ म्हणजे माझा मुलगा उमेंद्र. गोंदियाच्या राइस मिलमध्ये तांदूळ निवडायच्या मशिनीवर होता. तसल्याच मशिनीच्या कामावर सहा वर्षांपूर्वी थायलंडला गेला आणि तिथेच सुदा नावाच्या मुलीशी लग्न केले. पिम त्यांची मुलगी, चार वर्षांची. मी दोघींना मोबाइलवर पाहिले आहे, पण दुरून.

मी विचारले, "पक्कं का?"

योगेश्वरी ताटाकडे पाहत म्हणाली, "बाबूजींनी सोताहून फोन केला तं तिकीट काढतो म्हनते. नाही तं नाही."

एवढेच ना? फोन करायला माझी काहीच हरकत नाही. पण फोन लावल्यावर सूनबाई समोर येणार, नात येणार. त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही, आमची पोवारी तर नाहीच. मग मी काय मुक्यासारखा चेहरा दाखवत बसू? माणसाने तयारीने जावे. आधी त्यांची भाषा शिकायची, मग फोन.

मुन्नीबाई वाढता वाढता म्हणाली, "पोरासंगं बोलाले कोनती भाषा शिकता जी?"

माझ्या बायकोला कामातला क्रम समजत नाही.

३ जुलै

डायरीत खरे लिहावे म्हणतात. लिहितो.

उमेंद्र चार वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही. कारण क्षुल्लक आहे. आम्हा पोवारांची वंशावळ भाटाच्या पोथीत असते. भाट चार-पाच वर्षांनी येतो, ओसरीवर बसतो, घरात आलेल्या नव्या माणसांची नावे लिहितो. आमचे पूर्वज माळव्यातून कसे आले तेही वाचून दाखवतो. चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा पिम नुकतीच जन्मली होती. भाटाने लेखणी उचलून विचारले, "उमेंद्रच्या पुढे काय लिहू?" समाजाची पाच-सहा माणसे बसली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "काही लिहू नका. वंश इथंच थांबला समजा."

बोलण्यात एखादा शब्द जास्त जातो. त्या पाच-सहांतल्या कुणीतरी तो शब्द थेट थायलंडला पोहोचवला. माणसांना कामे नाहीत. त्यानंतर उमेंद्रने मला फोन केला नाही. मीही केला नाही, कारण मोठ्याने आधी करायची पद्धत नाही.

५ जुलै

कामठ्याच्या बसस्टॉपवर दुर्गेशचे मोबाइलचे दुकान आहे. त्याला म्हटले, थाई भाषा शिकायचे जे सर्वांत चांगले ॲप असेल ते टाक. तो म्हणाला, "काकाजी, यहाँ तो पचास दिखा रहा है. सबको साडेचार-साडेचार तारे हैं."

पन्नासच्या पन्नास चांगले? आमच्या तालुक्यात धानाच्या बियाण्याची दुकाने आहेत. तिथेही प्रत्येक पिशवीवर भरघोस लोंबीचे चित्र असते. उगवते त्यातले किती, ते आम्हाला विचारा.

पहिले टाकले ते पूर्ण इंग्रजीत होते. मी सातवी शिकलेला. थाई शिकण्यासाठी आधी इंग्रजी शिकायचे, म्हणजे गोंदियाला जायला रायपूरहून जाण्यासारखे. काढून टाकायला लावले. मग तीन ठेवली. एकात निळा हत्ती आहे, तो हिंदीतून शिकवतो. दुसऱ्यात नुसती चित्रे आणि आवाज. तिसऱ्यात मशिनीची बाई आहे. ती आपल्याशी बोलते, आपण तिच्याशी बोलायचे.

हत्तीने आरंभीच विचारले की भाषा कशासाठी शिकता. दुर्गेशने मोठ्याने वाचले, "प्रवास, प्रेम, कुटुंब, व्यवसाय, दिमाग की कसरत." बाकावर चार माणसे बसली होती. त्यांतला श्यामलाल चार वर्षांपूर्वी ओसरीवरही होता. तो कान टवकारून हसत म्हणाला, "प्रेम दाब गा दुर्गेश!"

कुटुंब म्हणणार होतो. तोंडातून निघाले, "व्यवसाय."

"कौनसा बिजनेस, काकाजी?"

"तांदळाचा," मी म्हणालो. खोटे नाही. तांदूळ पिकवतोच.

१६ जुलै

धानाची रोवणी चालू आहे. तरी अभ्यास सोडला नाही. हत्ती रोज अकरा वाजता खिशातून चीत्कार करतो. आज मी चिखलात उभा राहून धडा म्हणत होतो. रोवणाऱ्या बायांतली एक दुसरीला म्हणाली, "बुढा कोनाशी बोलून राहिला वो?"

"थायलंडवालीशी."

"मंग पाय इथं चिखलात काऊन रुतून बसला याचा?"

बांधीभर हसू पसरले. मी ऐकले नाही असे दाखवले. शिकलेल्या माणसाला हे सोसावे लागते.

२४ जुलै

तीन ॲपांतले एक निवडायचे आहे. तिन्हींवर वेळ घालवणे शहाणपणाचे नाही. मला पद्धत सुचली. बियाणे घेताना आपण काय करतो? पिशवीवरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, सावलीत ठेवतो, आठव्या दिवशी उघडून कोंब मोजतो. सरकारी नियमाप्रमाणे ऐंशी किंवा त्यावर उगवले तर बियाणे घ्यायचे, खाली असले तर परत. पन्नास वर्षे मी असेच करतो आहे आणि एकदाही फसलो नाही.

शब्दांचेही तसेच. शंभर जास्त होतील म्हणून प्रत्येक ॲपातून पंचवीस शब्द घेतले. नंतर चारने गुणायचे. आज सकाळी तिन्हींचे शब्द एकदा नीट म्हटले, वहीत लिहिले, वही कोठीत ठेवली. आता आठ दिवस हात लावायचा नाही. गोणपाट मध्येच उघडून पाहणाऱ्याचे बियाणे सडते.

मुन्नीबाईने विचारले, "आज अभ्यास नाही का?"

"उगवू दे," मी म्हणालो.

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१ ऑगस्ट

निकाल.

हत्ती : पंचवीसपैकी तीन. बारा टक्के.
चित्रे : दोन. आठ टक्के.
मशिनीची बाई : एक. चार टक्के. तोही शब्द "हॅलो" निघाला. तो त्यांचा म्हणता येत नाही.

सरकारी नियमाने तिन्ही बियाणी नापास. असला माल लोकांच्या गळ्यात मारतात आणि वर साडेचार तारे लावून घेतात. मी तावातावाने मुन्नीबाईला आकडे वाचून दाखवले. ती तांदूळ पाखडत होती. न थांबता म्हणाली, "बियानं चांगलंच असन जी. जमीनच पडीत हाये."

तिच्याशी शास्त्रीय विषयावर बोलायचे नाही हे मी पूर्वीच ठरवले होते.

२१ ऑगस्ट

मशिनीच्या बाईला फेरतपासणीसाठी एक संधी दिली. गोड बोलते. मी काहीही म्हटले तरी "वा, फारच छान!" म्हणते. आज एक वाक्य म्हणायला सांगितले. मी घसा खाकरत होतो तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. बाई म्हणाली, "उत्तम! शंभरपैकी ऐंशी!"

मग मी तेच वाक्य म्हटले. मला बावन्न.

आमच्या घरात सरकारी नियमाने पास झालेला एकच विद्यार्थी आहे आणि त्याची रिंग बदलायला झाली आहे. बाईला काढून टाकले. चित्रांचे ॲपही काढले. उरला हत्ती. निवड झाली असे म्हणायला हरकत नाही. आता नेटाने शिकायचे, मग लगेच फोन.

९ सप्टेंबर

मुन्नीबाई रोज दुपारी पिमशी व्हिडिओवर बोलते. सुदा कामावरून घरी आली की. मी दाराआड वही घेऊन बसतो. उच्चार कानावर पडावेत एवढाच हेतू.

पण हे बोलणे म्हणावे का? मुन्नीबाई बोलते पोवारीत, मध्येच मराठीत. पोरगी बोलते थाईत. ही सांगते, म्हैस व्याली. ती काहीतरी दाखवते, बहुतेक चप्पल. ही म्हणते, "अगो माय, नवी का?" ती खिदळते. अर्धा तास चालते. दोघींना एकमेकींचे एक अक्षर कळत नाही आणि फोन ठेवताना दोघी थकलेल्या नसतात.

मी म्हटले, "हे चुकीचं हाये. पाया पक्का पाहिजे."

"मंग तुमी या ना समोर. पाया घेऊन या."

"अजून व्यवसायाचा तिसरा भाग राहिला आहे."

"कायचा व्यवसाय जी?" तिने विचारले. तिला मी हत्तीचा तो प्रश्न आणि माझे उत्तर सांगितलेले नाही.

३ ऑक्टोबर

दसरा, पाहुणे, त्यात तुडतुड्यासाठी फवारणी. तीन दिवस हत्तीकडे जाणे झाले नाही. आज उघडले तर हत्ती रडत होता. खरोखर रडत होता, डोळ्यांतून टपटप. खाली लिहिले होते : "आप मुझे भूल गए?"

तीन दिवस कुणाला असे टाकून देणे बरोबर नाही, मग तो हत्ती का असेना. लगेच दोन धडे केले, तेव्हा हत्ती हसला. मलाही हलके वाटले. संबंध टिकवायचे तर माणसाने वेळच्या वेळी विचारपूस केली पाहिजे.

योगेश्वरीचा फोन आला होता. "बाबूजी, भाऊ इचारते. सुट्टीचा अर्ज भरू का नोको भरू?" मी म्हटले, त्याला सांग, अभ्यास चालू आहे. ती म्हणाली, "हेच सांगू का? असंच?" आणि ठेवला.

२६ ऑक्टोबर

आज मी एक वाक्य न अडखळता म्हणतो. सिनखा चा मा थुंग मुआ राय. अर्थ : माल कधी पोहोचेल? हत्तीने फटाके उडवले. याशिवाय "दर परवडत नाही" आणि "आपल्या गोदामाचा पत्ता द्या" हेही अर्धेअधिक येते.

नातीला काय सांगावे ते मात्र यात अजून आलेले नाही. पुढच्या भागात येत असावे. चार वर्षांच्या पोरीला गोदाम नसते, एवढे मलाही कळते. पण हत्तीकडे तक्रार कोणत्या तोंडाने करू? 'व्यवसाय' हे कारण मीच सांगितले होते.

योगेश्वरी म्हणाली की भावाने अर्ज भरला नाही. अजून दिवस आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सविस्तर लिहिणे भाग आहे. भाट आला.

सकाळी खळ्यावर धान चुरणे चालू होते. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरून पांढरे धोतर आणि लाल कापडात बांधलेली पोथी येताना दिसली आणि माझ्या हातातले सूप खाली पडले. त्याला हात-पाय धुवायला पाणी दिले. तासाभरात ओसरी भरली. तीच माणसे, श्यामलालसुद्धा. भाटाने माळव्यापासूनची नावे वाचली. माझ्या आजोबांचे, बापाचे, माझे. मग उमेंद्र. उमेंद्रच्या पुढे हातभर कोरी जागा. भाटाने माझ्याकडे पाहिले नाही, बोटाने कागद साफ केला आणि पान उलटायला लागला.

मी म्हणालो, "थांबा जी."

माझा आवाज विचित्र निघाला असावा, कारण श्यामलालने तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला.

"लिवा," मी म्हणालो. "उमेंद्रची बायको, सुदा. पोरगी हाये एक."

भाट अवघडून म्हणाला, "पोरीचं म्हनता जी, तं पुढं पोरगा झाला का एकदमच लिवू दोघांचं. जागा हाये."

"जागा हाये म्हनूनच लिवा."

त्याने सुदाचे नाव लिहिले. शाई झटकली. "पोरीचं नाव?"

"पिम."

"हे लाडाचं झालं. पोथीत लाडाचं लिवत नाही. पूर्न नाव सांगा."

मी तोंड उघडले. साडेचार महिने, तीन ॲप, दोन वह्या. मला थायलंडमधल्या माणसाकडून त्याच्या गोदामाचा पत्ता घेता येतो. माझ्या नातीचे पूर्ण नाव मला माहीत नाही.

आत जाऊन मुन्नीबाईला विचारले. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "मले मालूम हाये."

"मंग सांग ना."

"नाही सांगत."

"लोकं बसून राहिले बाहेर!"

"ते तवाही बसले होते." मग तिने आपल्या मोबाइलवर सूनबाईचा नंबर लावला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वतः चहा घेऊन ओसरीवर निघून गेली.

घंटी वाजत होती. बंद कसे करतात ते मला येते, पण केले नाही.

सुदा दिसली. मला पाहून तिने चटकन दोन्ही हात जोडले, अगदी आपल्याकडे जोडतात तसे. मला काहीतरी म्हणायचे होते. नाव विचारायचा धडा पहिलाच होता, पण तो मी उगवण चाचणीत वाया घालवला होता. डोक्यात एकच वाक्य उभे होते. तेच बाहेर आले.

"सिनखा चा मा थुंग मुआ राय?"

माल कधी पोहोचेल?

ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली की मोबाइल हलला. बरेच काही बोलली. त्यात हत्तीने शिकवलेला एकही शब्द नव्हता. मग आतून पोरगी धावत आली, अगदी नाक लागेल इतक्या जवळ. मला पाहिले, बोट दाखवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बुढा! बुढा लपला!"

उच्चार बिनचूक होता. ऐंशीच्या वर.

म्हणजे मुन्नीबाई रोज दुपारी काय सांगत होती ते आज समजले. मी वही घेऊन दाराआड बसायचो तेव्हा थायलंडमध्ये सगळ्यांना माहीत होते. पोरगी मोबाइलमधून माझ्या मागच्या दाराकडे वाकून वाकून पाहत होती, जणू मी अजूनही तिथेच आहे.

मी म्हटले, "नाही लपला." मराठीत म्हटले. तिला कळले की नाही कोण जाणे, टाळ्या मात्र वाजवल्या.

उमेंद्र घरी नव्हता. सुदाने हाताने मशीन फिरते तसे करून दाखवले, म्हणजे मिलमध्ये. मोबाइलवर लिहायची खूण केली, म्हणजे त्याला निरोप टाका. नाव तिला विचारायचा प्रयत्न केला. पोरीकडे बोट दाखवले, पोथीसारखा हात पसरला, लिहिल्यासारखे केले. तिने पिमची चित्रांची वही आणून दाखवली. चित्रे चांगली आहेत. एक हत्तीचे आहे.

ओसरीवर सांगून आलो की थोडे थांबा, पोराला विचारतो. श्यामलाल म्हणाला, "पोराले? तुमी?" मी म्हटले, "होय. मी." भाट चारच्या बसने जाणार. आता दोन वाजून वीस मिनिटे झाली आहेत.

मोबाइलवर टाकण्याआधी इथे कच्चे लिहितो. पहिल्या खेपेला लिहिले, "येथे सर्व कुशल." ते खोडले. दुसऱ्या खेपेला धानाचे उत्पन्न लिहिले. तेही खोडले. आता हे टाकतो.

"उमेंद्र, मी बाबूजी. भाट आला आहे. मागच्या वेळी मी त्याला तुझ्यापुढे लिहू दिले नाही. बोललो ते वाईट बोललो आणि चार लोकांसमोर बोललो. तुझ्यापर्यंत कुणी पोहोचवले ते मी चार वर्षे शोधत बसलो, पण बोललो मीच होतो. आज त्याच लोकांसमोर सुदाचे नाव लिहायला लावले. पिमचे पूर्ण नाव मला माहीत नाही. तुझी आई सांगत नाही, आणि तिचे बरोबर आहे. तू सांग. भाटाचा दुसरा चहा झाला. तिसरा मी आग्रहाने पाजीन, चौथा तो घेणार नाही. लेखणी त्याने अजून खाली ठेवलेली नाही. तिकिटाचे मागाहून सांगितले तरी चालेल. नाव आधी कळव. मशीन जरा थांबव, पण लवकर कळव."